जिना उतरताना गुडघा दुखतो? आधी मांडी भक्कम करा

चढताना निभावतं, पण उतरताना वाटीमागे कळ येते, ही तक्रार पन्नाशीनंतर घरोघरी ऐकू येते. उतरताना शरीराचं वजन सावकाश खाली सोडायचं काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं. तो कमजोर असला की ताण सांध्यावर येतो, आणि दुखतं म्हणून बसून राहिलं की तो आणखी बारीक होतो. तेल खुशाल चोळा, पण त्याने ताकद येत नाही.

पहिले काही दिवस सतरंजीवर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा. हात लावून बघा, मांडी टणक लागली पाहिजे. 5 आकडे धरा, सोडा. असं 10 वेळा. आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही.

खरा व्यायाम खुर्चीचा. खुर्ची भिंतीला टेकवा. हलकी प्लास्टिकची ऐन वेळी सरकते. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर येत असतील तर खाली घट्ट उशी घाला. टाचा किंचित मागे घ्या, पुढे झुका, हात न टेकता उठा. बसताना मनात तीन मोजत बसा. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला. 8 ते 10 वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. समोर आरसा असू द्या: गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात का? तसं असेल तर बहुतेक वेळा नितंबाच्या बाजूचा स्नायू कमी पडतोय. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, फूटभर उचलायचा, 10 वेळा. पाय पुढे येऊ द्यायचा नाही.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं किंवा सूज आली, तर फेरी कमी करा, बंद नको. फरक कळायला सहा-आठ आठवडे लागतात. बरेच जण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. तोवर उकिडवं बसणं टाळा. जिन्यात कठडा धरून चढताना बरा पाय आधी टाका, उतरताना दुखरा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, मध्येच अडकून सरळ होईना, पडल्यावर पायावर भार देता येईना किंवा पोटरी सुजली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.