जुना लोखंडी पूल कसा तपासावा: नागपुरात या कामात उतरणाऱ्यांसाठी

कॉलेजातून थेट पूल तपासणीवर आलेल्या मंडळींची नजर आधी गर्डरच्या (पुलाच्या मुख्य तुळईच्या) मध्यावर जाते. साहजिक आहे, सर्वांत जास्त बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) तिथे, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जुन्या पुलाचं दुखणं मात्र बहुतेक वेळा टोकाला असतं, एक्स्पान्शन जॉइंटच्या (तापमानाने लांबायला-आखडायला ठेवलेल्या फटीच्या) बरोबर खाली. जॉइंटचं रबर फाटलं की रस्त्यावरचं पाणी गर्डरच्या टोकावर आणि बेअरिंगवर (गर्डर ज्यावर टेकतो त्या आधारावर) ठिबकत राहतं. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला त्या पाण्यात कोळशाची भुकटी आणि राख मिसळते. हा गाळ खालच्या फ्लँजवर (गर्डरच्या आडव्या पट्टीवर) बसतो आणि पाऊस उघडल्यावरही कितीतरी दिवस ओल धरून ठेवतो. म्हणून तपासणी पुलाच्या वरून सुरू करा. पाणी कुठे शिरतं, कुठे साचतं, कोणता स्पाउट (पाणी बाहेर काढणारी नळी) तुंबलाय ते आधी बघा. डांबराचा नवा थर टाकताना स्पाउटची तोंडं बुजवलेली हमखास सापडतात.

अमेरिकेत पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल २८ जानेवारी २०२२ रोजी कोसळला. निचरा तुंबला होता, पाणी आणि कचरा पोलादी पायांवर साचत होता आणि पाय गंजून पोखरले गेले होते. तपासणी अहवालांत दुरुस्तीच्या शिफारशी वर्षानुवर्षं होत्या. दुरुस्ती झाली नव्हती.

आता गर्डरचं टोक. दुर्बीण आणि ड्रोन प्राथमिक अंदाजाला ठीक, पण पुलाला हात लागेल इतक्या जवळ गेल्याशिवाय काही कळत नाही. परांची बांधा किंवा पूल तपासणीची फिरती गाडी मागवा. खरवडणीने आधी माती काढा. मग चिपिंग हातोडीने पापुद्रे पाडा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, त्यामुळे जाड पापुद्रा पाहून घाबरू नका आणि नव्या रंगाने चकचकीत दिसणाऱ्या वेबवर (गर्डरच्या उभ्या प्लेटवर) विश्वासही ठेवू नका. वेबचा खालचा वीतभर पट्टा आणि बेअरिंगवरच्या स्टिफनरचा (वेबला बळकटी देणाऱ्या उभ्या पट्टीचा) पाया या दोन जागा कधीच सोडायच्या नाहीत. स्टिफनर वरून धडधाकट आणि तळाशी कागदासारखा, हे अगदी नेहमीचं आहे.

जाडी अल्ट्रासोनिक गेजने (ध्वनिलहरींनी जाडी मोजणाऱ्या यंत्राने) मोजताना दोन चुका सर्रास होतात. पहिली, रंगावरूनच प्रोब ठेवणं. रंगात आवाजाचा वेग पोलादातल्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे साधा गेज रंगाची जाडी दुपटीहून जास्त धरून लोखंडात मिळवतो. जागा घासून उजळ करा, जेल लावा, मग वाचन घ्या. दुसरी चूक, कॅलिब्रेशन ब्लॉक (गेज जुळवायचा ठरावीक जाडीचा ठोकळा) सावलीतल्या पिशवीत आणि गर्डर मे महिन्याच्या उन्हात. तापलेल्या पोलादात आवाज हळू जातो. ब्लॉक गर्डरच्याच तापमानाला येऊ द्या. खड्डे पडलेल्या जागी एका वाचनावर थांबू नका, जाळी आखून घ्या आणि सरासरीबरोबर किमान जाडीही लिहा. मूळ जाडी त्याच प्लेटच्या निरोगी भागावर मोजा. जुन्या पुलाचे नकाशे मिळतातच असं नाही आणि मिळाले तरी प्रत्यक्ष प्लेट तीच असेल याची खात्री नसते.

हे आकडे का जपायचे? १२ मिमीचा वेब ९ मिमी उरला तर क्षेत्रफळ २५ टक्क्यांनी घटलं. पण पातळ वेबची बकलिंगची (दाबाखाली बाक येण्याला तोंड देण्याची) ताकद जाडीच्या घनावर चालते. ०.७५ चा घन ०.४२. म्हणजे तिथली लवचिक बकलिंग क्षमता मूळच्या निम्म्याहूनही खाली येते. ‘किरकोळ गंज’ असा शेरा मारण्याआधी हा हिशेब करून बघा.

रिव्हेटसाठी एका हाताचं बोट डोक्याच्या एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूने हातोडी मारा. ढिला रिव्हेट बोटाला हलताना जाणवतो, आवाज बद्द येतो. डोक्याभोवती तांबूस ओघळ असेल तर तो हलतोय असं समजून तपासा. ढिला रिव्हेट काढून साधारणपणे उच्च ताणाचा बोल्ट बसवतात. वेल्डिंगचा सल्ला मात्र परस्पर देऊ नका. जुन्या पोलादात गंधक आणि फॉस्फरस जास्त असू शकतं, वेल्डजवळ तडा जाण्याची भीती असते. आधी नमुन्याची रासायनिक तपासणी.

तडे शोधायची ठिकाणं ठरलेली आहेत: कव्हर प्लेट (फ्लँजवर बसवलेली जादा प्लेट) जिथे संपते ते वेल्ड, क्रॉस गर्डर (आडवी तुळई) आणि स्ट्रिंगरच्या (रस्त्याच्या दिशेने जाणाऱ्या लहान तुळईच्या) जोडणीत कापलेला कोपरा, ताणात असलेल्या मेंबरची (पुलाच्या भागाची) भोकं. रंगावर केसासारखी गंजाची रेघ दिसली की ती जागा साफ करून डाय पेनिट्रंट (तड्यात मुरणारा रंगद्रव) मारा. लाल रंग मुरायला वेळ द्या, पृष्ठभाग पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. नागपूरच्या उन्हाळ्यात इथेच गडबड होते. दुपारी गर्डर ५० अंशांच्या वर गेला की डाय आतल्या आत वाळतो आणि तडा असूनही दिसत नाही. ही चाचणी सकाळी लवकर उरकायची. तडा सापडला तर दोन्ही टोकांना मार्करने खूण करा आणि तारीख टाका. पुढच्या वेळी रेघ खुणेपलीकडे गेली असेल तर तडा वाढतोय.

बेअरिंगची स्थिती तापमानाशिवाय लिहिली तर ती नोंद निरुपयोगी. पोलाद दर अंशाला प्रतिमीटर ०.०१२ मिमी वाढतं. ४० मीटरचा गर्डर ४० अंशांच्या फरकाने १९ मिमी सरकतो, आणि आपल्याकडे जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत लोखंडाला एवढा फरक सहज पडतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बेअरिंगचा रोलर त्याच जागी असेल तर तो जाम आहे. मग अडलेल्या सरकण्याचा जोर पायरच्या (पुलाच्या खांबाच्या) माथ्यावर जातो. तिथे काँक्रीटला किंवा दगडी बांधकामाला भेगा आहेत का बघा.

एक मोजमाप बरेच जण विसरतात: डांबराची एकूण जाडी. ७.५ मीटर रुंद, ४० मीटर लांब गाळ्यावर (दोन आधारांमधल्या भागावर) ५ सेंमीचा एक थर म्हणजे सुमारे ३४ टन कायमचं ओझं. असे दोन-तीन थर चढले की मूळ डिझाइनचा हिशेबच बदलतो. मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी पडला, १३ माणसं गेली. गसेट प्लेटा (मेंबर एकत्र जोडणाऱ्या प्लेटा) डिझाइनमध्येच पातळ होत्या, वर्षांनुवर्षं डेकचं (रस्त्याच्या पाटाचं) वजन वाढत गेलं आणि त्या दिवशी दुरुस्तीचं सामानही पुलावर रचलेलं होतं. त्या प्लेटा वाकलेल्या दिसतात असे आधीचे फोटो नंतर सापडले. गसेटवर सरळ पट्टी टेकवून बघायला अर्धं मिनिट लागतं.

सुरक्षेचं थोडक्यात. पुलाखाली आग्या मोहोळ असतं. हातोडीचा पहिला ठोका मारण्याआधी पूर्ण गाळा नजरेखालून घाला, मोहोळ दिसलं तर जाणकार माणूस येईपर्यंत काम सुरू करू नका. नागपुरात रेल्वेवरून जाणारे पूल बरेच आहेत. खालची तार २५,००० व्होल्टची असते, रेल्वेच्या लेखी परवानगीशिवाय आणि वीज बंद केल्याशिवाय तिथे परांची चढवायची नाही.

शिक्षणाबाबत: शासकीय तंत्रनिकेतनातली पदविका किंवा व्हीएनआयटीसारख्या संस्थेतली पदवी पाया घालते, पण साइटवर किंमत येते ती एनडीटीच्या (वस्तू न मोडता करायच्या तपासणीच्या) लेव्हल दोन प्रमाणपत्राला, त्यातही अल्ट्रासोनिक आणि पेनिट्रंटला. आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेसची) एसपी ३५ ही पुस्तिका तपासणीसाठी, एसपी ३७ भारक्षमतेसाठी आणि आयआरसी २४ पोलादी पुलांच्या डिझाइनसाठी. तिन्ही स्वतःच्या प्रतीत खुणा करून वाचा.

अहवालात ‘गंज आढळला’ असं लिहू नका. ‘गाळा २, नागपूर बाजू, प्रवाहाच्या वरच्या अंगाचा गर्डर, वेबच्या तळाशी २०० मिमी लांबीत किमान जाडी ७.८ मिमी, मूळ १२’ असं लिहा, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो जोडा. बेअरिंगजवळ वेबला आरपार भोक, वाकलेली गसेट, ताणातल्या मुख्य मेंबरला तडा किंवा जागेवरून सुटलेलं बेअरिंग, यांपैकी काहीही दिसलं तर अहवालाची वाट पाहायची नाही. पुलावरूनच कार्यकारी अभियंत्यांना फोन करा, लगेच फोटोसह लेखी कळवा, वेळ आणि काय सांगितलं ते वहीत नोंदवा, आणि जड वाहनं थांबवल्याचं स्वतः बघितल्याशिवाय जागा सोडू नका.