लंडनचा महापौर: भारतीय पासपोर्टवर मत कसं द्यायचं

नोकरीच्या नाहीतर शिक्षणाच्या व्हिसावर लंडनला आलेल्या बहुतेकांना वाटतं, इथलं मतदान इथल्या नागरिकांचं, आपला काय संबंध? संबंध आहे. भारत राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक वैध व्हिसावर इथे राहत असेल आणि १८ वर्षांचा असेल, तर त्याला मत आहे. महापौराच्या निवडणुकीत आहे, कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) आहे, पार्लमेंटच्याही आहे. पीआरची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, वाट बघायला नको. मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. ते जातं दुसऱ्या देशाचं घेतल्यावर. न्यू जर्सीतल्या आतेभावाने व्हॉट्सॅपवर घाबरवलं असेल तर तो त्याच्या देशाचा नियम सांगतोय.

आधी पत्ता तपासा. हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो, इलफर्ड, क्रॉयडन हे सगळं लंडन. पण आपली बरीच मंडळी राहतात ते स्लाउ बर्कशरमध्ये. तिथून रोज एलिझाबेथ लाइनने लंडनला ये-जा केली तरी लंडनच्या महापौरासाठी मत नाही. वॉटफर्डही लंडनबाहेर, पण त्या गावाचा स्वतःचा थेट निवडलेला महापौर आहे. क्रॉयडन, न्यूहॅम, हॅकनी, लुइशम आणि टॉवर हॅम्लेट्स या बरोंमध्ये, म्हणजे लंडनच्या पालिका विभागांमध्ये, राहत असाल तर बरोच्या महापौरालाही तुम्हीच निवडता, मात्र वेगळ्या वर्षी. आणि ‘लॉर्ड मेयर’ हे प्रकरण निराळंच. ते एक चौरस मैलाच्या जुन्या सिटीचं मानाचं पद आहे, त्यात तुमच्या-आमच्या मताचा प्रश्न येत नाही.

नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत होते. नाव, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व आणि एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर लागतो. एनआय नंबर अजून आला नसेल तर तसं लिहा आणि फॉर्म पाठवा. कौन्सिल पत्र पाठवून ओळखीची कागदपत्रं मागेल. त्या पत्राला उत्तर दिलं नाही की अर्ज तिथेच अडकतो, आणि नोंदणी न झालेल्यांपैकी बरेचजण असेच राहिलेले असतात. मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी मध्यरात्री संपते. ‘कामकाजी’ हा शब्द नीट वाचा. पुढची निवडणूक ४ मे २०२८ ला, गुरुवारी आहे. त्याआधी ईस्टरच्या दोन सुट्ट्या आणि १ मेची बँक हॉलिडे येते, म्हणजे बारा दिवस नव्हे, जवळजवळ तीन आठवडे आधीच दार बंद. घर बदललं की नाव आपोआप नव्या पत्त्यावर जात नाही, पुन्हा नोंदवावं लागतं. मतदार यादीचा एक जोडफायदाही आहे: क्रेडिट तपासणाऱ्या कंपन्या ती बघतात, त्यामुळे मोबाइलचं कंत्राट किंवा घराचं कर्ज घेताना उपयोग होतो. जाहिरातींची पत्रं नको असतील तर ‘ओपन रजिस्टर’मधून, म्हणजे कुणालाही विकत घेता येणाऱ्या यादीतून, बाहेर राहण्याचा पर्याय फॉर्ममध्येच असतो.

केंद्रावर फोटो असलेलं मूळ ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलाही, चेहरा ओळखू आला की झालं. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. भारतीय लायसन्स, आधार, ऑफिसचं कार्ड, विद्यार्थ्यांचं ऑयस्टर प्रवास-कार्ड यातलं काही चालत नाही, आणि फोनवरचा ई-व्हिसा किंवा पासपोर्टचा फोटोही नाही. एप्रिल-मेमध्ये शेंगेन व्हिसासाठी किंवा नूतनीकरणासाठी पासपोर्ट अडकलेला असेल तर ‘व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट’ हे मतदानापुरतं ओळखपत्र मागवा. ते फुकट मिळतं. मुदत मतदानाच्या सहा कामकाजी दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत.

नावाचा घोळ खास आपला. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि यादीत सासरचं असेल तर लग्नाचा दाखला बरोबर न्या. त्याहून बरं म्हणजे नोंदणी करतानाच पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा.

पोस्टाने मत द्यायचं असेल तर ११ कामकाजी दिवस आधी, संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज करा. मतपत्रिका ‘ए’ पाकिटात घालायची. ते पाकीट आणि जन्मतारीख-सहीचा कागद मिळून ‘बी’ पाकिटात. या कागदावर हमखास दोन चुका होतात. जन्मतारखेच्या रकान्यात लोक आजची तारीख टाकतात. आणि अर्जावर इंग्रजीत केलेली सही इथे सवयीने मराठीत करतात. दोन्हींत मत बाद.

मतदानाच्या दिवशी सुट्टी नसते. केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं, आणि तुम्हाला नेमून दिलेल्या केंद्रावरच जावं लागतं. पोलिंग कार्ड हरवलं तरी अडत नाही. दाराबाहेर पक्षाचं फूल छातीवर लावून कुणी तुमचा मतदार यादीतला नंबर विचारेल. तो पक्षाचा माणूस, त्याला काही सांगायची सक्ती नाही. आत मशीन नाही, शाई नाही. दोरीला बांधलेली पेन्सिल असते, हवं तर स्वतःचं पेन वापरा.

कागद तीन मिळतात. एक महापौराचा, दुसरा लंडन असेंब्लीतल्या (महापौरावर देखरेख ठेवणाऱ्या सभेतल्या) तुमच्या मतदारसंघाच्या सदस्याचा आणि तिसरा सगळ्या लंडनसाठीचा, ज्यावर मुख्यतः पक्षांची नावं असतात. असेंब्लीचे २५ सदस्य असतात: १४ मतदारसंघांतून, ११ या तिसऱ्या कागदावरून. पहिल्याच कागदावर लक्ष देऊन बाकीचे कोरे टाकणारे पुष्कळ, पण महापौराच्या बजेटवर प्रश्न विचारतात ते हे असेंब्ली सदस्यच. २०२१ पर्यंत महापौरासाठी पहिली आणि दुसरी अशा दोन पसंती देता येत. २०२४ मध्ये एकच फुली होती; दोन फुल्या मारल्या की मत बाद. जुनी पद्धत परत आणण्याचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये मांडला. म्हणून शेजाऱ्याने काय सांगितलं ते बाजूला ठेवा आणि मतपत्रिकेच्या वरची सूचना वाचा.

मत कुणाला, हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त महापौराच्या हातात काय आहे ते माहीत असू द्या. ट्यूब-बसचं भाडं, यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा आकार), पोलिसांचे अग्रक्रम, अग्निशमन दल, मोठी बांधकामं त्याच्याकडे, आणि काउन्सिल टॅक्समधला एक हिस्साही त्याचा. कचऱ्याचे डबे आणि रस्त्यावरचं पार्किंग मात्र कौन्सिलकडे. उमेदवारांची पुस्तिका मतदानाआधी घरी पोस्टाने येते. जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर ती कचऱ्यात जाऊ देऊ नका.

ऑफिसात उशीर झाला तर रात्री दहाच्या आत रांगेत उभे राहा. दहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं.