मुलासोबत बसून अडचण सोडवताना या चुका टाळा

हट्टी, आक्रस्ताळ्या किंवा अंगावर धावून येणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांचे समजावणे, रागावणे, बक्षीस आणि टीव्ही बंद असे सगळे उपाय करून झालेले असतात. त्यांना मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांनी मांडलेली पद्धत शिकवते. नीट वागणे मुलाला जमत असते तर ते तसे वागलेच असते, हा तिचा पाया आहे. ते जमत नाही, याचा अर्थ ऐनवेळचा बदल स्वीकारणे, निराशा सोसणे किंवा मनातले शब्दांत मांडणे यांपैकी काहीतरी त्याला अजून साधलेले नाही. आधी मुलाचे म्हणणे समजून घ्यायचे, मग आपली काळजी सांगायची आणि शेवटी दोघांना चालेल असा मार्ग दोघांनी मिळून शोधायचा, अशा तीनच पायऱ्या आहेत. त्या तीनच आहेत म्हणून पालक पहिली पायरी दोन मिनिटांत उरकतात, आणि सगळे तिथेच बिघडते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रश्नातच आपला तर्क घालून विचारणे. सिंहगड रस्त्यावर राहणारा नऊ वर्षांचा एक मुलगा रोज सकाळी शाळेच्या व्हॅनपाशी जमिनीवर बसकण मारायचा, ओढू लागले की चावायचा. वडिलांना नऊच्या आत हिंजवडी गाठायची असे, त्यामुळे त्या दहा मिनिटांत आवाज चढायचे आणि एकदा हातही उठला होता. माझ्यासमोर त्यांनी मुलाला विचारले, "तुला शाळा का आवडत नाही?" मुलगा म्हणाला, "माहीत नाही." वडिलांनी घड्याळाकडे पाहिले आणि लगेच सुचवले, "रोज गेलास तर दिवाळीला सायकल घेऊ." मीही त्यांना थांबवले नाही. सायकलच्या आशेवर मुलगा तीन दिवस व्हॅनमध्ये बसला आणि चौथ्या दिवशी पुन्हा जमिनीवर बसला.

पुढच्या भेटीत आम्ही फक्त वाक्य बदलले. आवड, आळस, भीती हे आमचे तर्क आणि बसकण मारणे, चावणे हे त्याचे वागणे, दोन्ही प्रश्नातून काढून टाकले. रविवारी दुपारी मटार सोलताना वडिलांनी एवढेच म्हणायचे ठरले, "सकाळी व्हॅनमध्ये बसताना तुला अडचण येते असं मला दिसतंय. काय होतं रे?" त्यावर बराच वेळ मुलगा काही बोलला नाही आणि वडिलांनी, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, दात आवळून शेंगा सोलल्या. मग मुलगा म्हणाला, "वास." कसला वास, कधी येतो, कुठल्या सीटवर जास्त येतो, असे हळूहळू विचारल्यावर कळले की व्हॅनकाका निघण्याआधी उदबत्ती लावतात, थंडीमुळे काचा बंद असतात आणि मागच्या सीटवर त्याला मळमळते. एकदा त्याला उलटी झाली होती आणि मुले हसली होती. शाळेबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. मग वडिलांनी आपली काळजी सांगितली, "मला ऑफिसला उशीर होतो, म्हणून रोज मी तुला सोडू शकत नाही." दोघांनी मिळून पुढची सीट आणि उघडी काच असे ठरवले.

मुलाच्या तोंडातून "माहीत नाही" येताच घाई करणारे पालक पाहिले की मला खरोखर वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा त्या शब्दांमागे मूल विचार करत असते. अगदीच अडले, तर मी दोन-तीन शक्यता सांगते आणि प्रत्येक किती खरी आहे ते बोटांनी दाखवायला सांगते: पाच बोटे म्हणजे अगदी खरे, मूठ म्हणजे मुळीच नाही.

भडका उडालेला असताना चर्चा सुरू करू नये. त्या वेळी सर्वांना सुरक्षित ठेवावे आणि बोलणे शांत वेळेसाठी राखावे.

"अभ्यास करत नाही" ही अडचण नव्हे, ते गाठोडे आहे. "फळ्यावरचे गणित वहीत उतरवून घेताना अडचण येते" असे नेमके लिहावे.

एका वेळी दोन-तीनच अडचणी घ्याव्यात आणि बाकीच्या ठरवून बाजूला ठेवाव्यात. हे लाड नव्हेत.

आपली काळजी एका वाक्यात सांगावी. "आमच्या वेळी" असे म्हटले, की मुलाचे कान बंद होतात.

नीट वागल्याबद्दल स्टिकर चिकटवायचे तक्ते मला पटत नाहीत, कारण मळमळ स्टिकरने थांबत नाही. धपाट्याबद्दल तर बोलायलाच नको. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे, आणि घरात मुलाचे अंग काही वेगळे नसते.

पहिला तोडगा कोसळला की "ही पद्धत आमच्या मुलासाठी नाही" असे म्हणणे, ही मला वारंवार दिसणारी दुसरी मोठी चूक आहे. त्या मुलाची पुढची सीट आठवड्याभरातच गेली, कारण बालवाडीतली एक मुलगी व्हॅनने येऊ लागली आणि तिला पुढे बसवणे भागच होते. वडिलांनी मला फोन केला तेव्हा आवाजात निराशा होती. मी त्यांना पुन्हा पहिल्या पायरीवर बसवले. या वेळी मुलानेच विचारले, "काका उदबत्ती आम्हाला सोडल्यावर लावतील का?" दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पाच मिनिटे आधी खाली उतरले, मुलाला शेजारी उभे करून त्यांनी व्हॅनकाकांना विचारले आणि काकांनी उदबत्तीचा पुडा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिला.