घरच्यांना घेऊन फुटबॉल बघायला जाताना: शिव्या, हुल्लड आणि उभं राहायची जागा

आपल्या भागात फुटबॉल बघायला खुर्ची क्वचितच मिळते. बेळगावात टिळकवाडीचं लेले मैदान असो, कॅम्पातलं सेंट पॉल्सचं असो, की खानापूर-निपाणीकडचं शाळेचं पटांगण, लोक रेषेला लागून उभे राहतात. खेळाडूचं बोलणं प्रेक्षकाला ऐकू येतं आणि प्रेक्षकाची शिवी खेळाडूला. तिथेच आजी, सून, सहावीतली पोरगी आणि कडेवरचं पोर असतं. म्हणून बरेच जण घरच्यांना आणतच नाहीत. हा उपाय उलटा पडतो. घरची माणसं मैदानाच्या कडेवरून गेली की मागे फक्त ओरडणारे उरतात, आणि पुढच्या वर्षी तिथे मुलगी घेऊन जायची सोयच राहत नाही.

शिव्या सगळीकडे सारख्या पडत नाहीत. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात, वेळाही ठरलेल्या असतात. त्या ओळखल्या की निम्मं काम होतं.

जागा

गोलच्या मागे मुलांना घेऊन उभं राहू नका. तिथे बॉल लागतो, आणि गोलकीपरला चिडवणारी सगळी टोळी तिथेच जमते. संघाच्या बाकाच्या मागेही नको, कारण बदली खेळाडू आणि प्रशिक्षक रागात बोलतात ते मुलांच्या कानावर थेट येतं. हलगी वाजते तिथून किमान पंधरा-वीस पावलं लांब राहा. त्यात कानाचा प्रश्न आहेच, शिवाय हलगीच्या ठेक्यावर शिवीचं गाणं लगेच बसतं.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. झेंडे घेतलेले सहायक पंच दोन असतात आणि प्रत्येक जण आपल्या कडेला फक्त अर्ध्या मैदानात धावतो, मधल्या रेषेपासून गोलरेषेपर्यंत. दोघे समोरासमोर नसतात, तिरक्या कोपऱ्यांत असतात. म्हणजे प्रत्येक कडेचा एक अर्धा भाग झेंडेवाल्याचा आणि एक अर्धा भाग मोकळा. ऑफसाइडवरून होणारी सगळी आरडाओरड झेंडेवाल्याच्या मागे होते. तुम्ही मोकळ्या अर्ध्यात, मधली रेषा आणि कॉर्नरचा झेंडा यांच्या मध्यावर उभे राहा. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, सहायक पंच सहसा आपली जागा सोडत नाहीत, त्यामुळे तुमचा कोपरा दोन्ही हाफमध्ये शांत राहतो. रेषेपासून तीन मीटर मागे. मुलं पुढे, मोठी माणसं मागे.

पहिल्यांदा नेत असाल तर फायनलला नेऊ नका. सुरुवातीच्या फेरीतला, दिवसातला पहिला सामना निवडा. एका दिवशी तीन-चार सामने असले की शेवटच्याला गर्दी वेगळी असते, काही जण पिऊन आलेले असतात, आणि बाद फेरी असेल तर पेनल्टीपर्यंत जातं. दोन गल्ल्यांची जुनी खुन्नस असलेला सामना लहान मुलांना घेऊन बघायचा नाही, इतकं साधं ठेवा.

घरातून निघण्याआधी

पाच मिनिटं बसून ठरवा: काय ओरडायचं आणि काय नाही. "शिव्या द्यायच्या नाहीत" एवढं सांगून भागत नाही. रागाच्या वेळी तोंडाला काहीतरी लागतं, ते आधी हातात द्यावं लागतं. "शाब्बास" आणि "भले" मराठीत चालतात तसे कन्नडमध्येही चालतात, त्यामुळे कडेला कुणीही उभं असलं तरी दोन्हीकडे पोचतात. सोडू नको म्हणायचं तर "बिडब्याड!" आपल्या मराठी पोरांच्या तोंडातही बसलेलं आहे. गोल हुकला की "आर्र्र!" पुरे, फक्त त्याच्या पुढचा शब्द गिळायचा.

तो पुढचा शब्दच खरी अडचण आहे. "आयला", "च्यायला", "तिच्या मायला" हे आपल्याकडे जेवणाच्या ताटावरही निघून जातात आणि कुणाला त्यांत शिवी दिसत नाही. पण ती आईवरूनच आलेली आहेत, आणि मैदानावर आवाज चढला की ती पूर्ण रूपातच बाहेर पडतात. म्हणून घराने स्पष्ट ठरवावं: चालतात की नाही? बापाला चालतात आणि पोराला नाहीत, हा नियम दहा मिनिटंही टिकत नाही. आमचं मत विचाराल तर मैदानावर बंद, सगळ्यांना, आज्ज्यालासुद्धा.

सोबत खाऱ्या शेंगा न्या, सोललेल्या नाहीत, टरफलासकट. हात गुंतलेले असले की बोट दाखवून ओरडणं कमी होतं. चिरमुरे लहानांसाठी, पाणी माणशी एक लिटर. तहानलेलं, उन्हात तापलेलं माणूस लवकर चिडतं.

नियम कळला की निम्मा राग जातो

पंचाला पडणाऱ्या शिव्या बहुतेक वेळा न कळलेल्या निर्णयावर पडतात. घरातल्या एकाला तरी पुढच्या चार गोष्टी नीट यायला हव्यात, म्हणजे "पंच विकला गेलाय" हे वाक्य निघायच्या आत तो सांगू शकेल.

ऑफसाइड: बॉल पोचला तेव्हा खेळाडू कुठे होता हे बघत नाहीत. सहकाऱ्याने बॉल मारला त्या क्षणी तो कुठे होता, ते बघतात. त्या क्षणी तो समोरच्या अर्ध्यात, बॉलच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्याही पुढे असेल तर तो ऑफसाइडच्या जागेत. हात मोजत नाहीत. नुसतं त्या जागेत असणं गुन्हा नाही, खेळात भाग घेतला तरच. म्हणून झेंडा उशिरा वर जातो, आणि नेमक्या त्या उशिरावर लोक भडकतात. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतोच.

हँडबॉल: हाताला लागला म्हणजे फाउल, असं नाही. हात मुद्दाम बॉलकडे नेला, किंवा शरीर अनैसर्गिकरीत्या मोठं केलं, तर फाउल. काखेच्या खालच्या टोकापर्यंतचा खांद्याचा भाग हात धरत नाहीत. अपवाद एक: चुकून हाताला लागून गेलेला बॉल थेट गोलमध्ये गेला, किंवा लागल्याबरोबर त्याच खेळाडूने गोल केला, तर तो गोल बाद.

ॲडव्हांटेज: फाउल झाला आणि पंच हात पुढे करून "खेळा" म्हणतो, तेव्हा त्याने फाउल बघितलेला असतो. ज्याला मारलं त्याच्या संघाचा फायदा चालू आहे म्हणून शिट्टी वाजत नाही. फायदा झालाच नाही तर काही सेकंदांत तो मागे येऊन फ्री किक देऊ शकतो. "दिसत नाही काय रे" ही ओरड नेमकी तिथेच चुकते.

चौथी गोष्ट फ्री किकच्या वेळी पंचाच्या हाताची. हात डोक्यावर सरळ उभा असेल तर ती अप्रत्यक्ष किक. दुसऱ्या कुणाला न लागता बॉल थेट जाळ्यात गेला तर गोल नाही, गोल किक. गावच्या स्पर्धांत यावरून मैदानात माणसं घुसतात. किक घ्यायच्या आधीच मुलांना विचारा, "पंचाचा हात कुठं आहे बघ." मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

नव्यात एवढं लक्षात ठेवा: १ जुलै २०२५ पासूनच्या नियमांनुसार गोलकीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून बोटांनी मोजतो. हे माहीत नसलेल्याला कॉर्नर आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

शेजारचा शिव्या देत असेल तर

"ए, तोंड सांभाळ" म्हणालात की तो तुमच्यावर येतो, आणि घरच्यांसमोर तुम्हालाही मागे हटता येत नाही. खेळ थांबेपर्यंत थांबा. बॉल बाहेर गेला, कुणी जखमी झाला, की जवळ जाऊन, हळू, नात्याने बोला. मराठीला "दादा, बारकी पोरं हायत जरा इथं." कन्नड बोलणाऱ्याला "अण्णा, सण्ण हुडुगुर अदार्री." उर्दू-हिंदी बोलणाऱ्याला "भाईजान, बच्चे हैं इधर." समोरच्याच्या भाषेत सांगितलं की बहुतेकदा तो ओशाळतो. मराठीतूनच दटावलं तर विषय फुटबॉलवरून भाषेवर जायला वेळ लागत नाही, आणि आपल्याकडे तो विषय कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. सीमेच्या, भाषेच्या घोषणा मैदानावर कुणीही दिल्या तरी त्यांना साथ देऊ नका, उत्तरही देऊ नका.

एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगू नका, जागा बदला. जातीवरून, धर्मावरून किंवा मुलीबाईवरून बोलणं सुरू झालं तर मात्र आयोजकाकडे जा. हे नुसतं वाईट वागणं राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील बोलण्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ७९ खाली स्त्रीचा विनयभंग होईल असे शब्द किंवा हावभाव केले तर तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी देणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बसतं, आणि तिथे शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. मारामारी सुरू झाली तर ११२, आणि मुलांना घेऊन बाहेर. व्हिडिओ काढत थांबू नका.

स्वतःचं पोर खेळत असेल तेव्हा

इथे सगळ्यात शांत माणसाचाही तोल जातो. कडेवरून "पास दे", "मार मार", "मागं जा" असं एकाच वेळी तिघं ओरडले की पोराचे पाय थांबतात. सूचना प्रशिक्षकाने द्यायच्या, घरच्यांनी फक्त शाबासकी. आणि शाबासकी दुसऱ्याच्या पोरालाही, समोरच्या संघातल्यालासुद्धा. स्वतःच्या पोराला चुकीवर नावाने हाक मारायची नाही, चांगल्या खेळावरच मारायची.

पंच प्रेक्षकाला कार्ड दाखवू शकत नाही, पण सामना थांबवू शकतो, स्थगित करू शकतो, रद्द करू शकतो. मॅनेजर म्हणून बाकावर बसलेल्या बापाला मात्र कार्ड मिळतं. २०१९ पासून बाकावरच्या पदाधिकाऱ्यांना पिवळं-लाल कार्ड थेट दाखवतात. बाकावरून शिवी आली आणि कुणी दिली ते कळलं नाही, तर शिक्षा तिथे हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला होते. म्हणजे तुमच्या तोंडामुळे पोरांचा सर बाहेर जातो. खेळाडूच्या तोंडून अपमानकारक शब्द गेला तर नियमानुसार सरळ लाल कार्ड.

लांबच्या मैदानावर

कोल्हापूरला राजर्षी शाहू स्टेडियमवर जाणं निपाणी-संकेश्वरकडच्यांना सोपं पडतं. तिथे संघ पेठांचे आणि तालमींचे, आणि पाठीराखे गट करून बसतात. कुठला कोपरा कुणाचा हे दारात विचारून घ्या, आणि मुलांना दोन्हीपैकी कुठल्याही संघाच्या रंगाचा शर्ट घालू नका. मडगावला फातोर्ड्यात एफसी गोवाचा सामना असेल तर तिकिटावरचा स्टँड आधीच घरच्यांच्या सोयीने निवडा. बाटली, छत्री, पॉवर बँक आत नेऊ देणार नाहीत असं धरूनच निघा. बंगळुरूच्या कंठीरवावर पश्चिमेचा स्टँड उभं राहून गाणाऱ्या पाठीराख्यांचा आहे. लहान मुलं असतील तर तो सोडून दुसरा घ्या.

स्पर्धा तुमच्या मंडळाची असेल तर

बायकांसाठी स्वच्छतागृह आणि त्याला आतून कडी, हे पहिलं. ते नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग झेंडेवाल्याच्या उलट अर्ध्यात दोरी बांधून घरच्यांची जागा करा, रेषेपासून तीन मीटरवर, आणि तिथे स्वयंसेवक बाईच उभी करा. माइकवर बोलणारा नीट निवडा, कारण बऱ्याचदा आग तोच लावतो. खेळाडूच्या चुकीवर विनोद नको, आणि सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत.

शिव्यांचं गाणं सुरू झालं की आधी हलगी थांबवा. ठेका गेला की गाणं तुटतं. तरी चालू राहिलं तर कुणाचं नाव न घेता माइकवर एक सूचना. मग त्या संघाच्या कप्तानाने कडेला जाऊन स्वतःच्या माणसांना हात जोडायचे. त्यानेही भागलं नाही तर पंचाला सांगून सामना थांबवायचा. सामना संपल्यावर सायलेन्सर काढलेल्या गाड्या आधी जाऊ द्या, आणि घरच्यांना पंधरा-वीस मिनिटांनी सोडा.

दोन दिवसांनी पोराने तो शब्द घरात काढला तर

हसू नका. पहिल्यांदा हसलात की तो शब्द पाहुण्यांसमोर पुन्हा येतो. मारूही नका, मार बसला की शब्दाला वजन येतं. शांतपणे विचारा, "कुठं ऐकलास?" आणि अर्थ सांगा, त्याच्या वयाला पेलेल इतकाच: "हा दुसऱ्याच्या आईला दुखावणारा शब्द आहे." पाच वर्षांखालच्याला एवढं पुरतं. दहा-बारा वर्षांच्याला खरा अर्थ सांगितला तरी चालतो, आणि तो ऐकून पोर स्वतःच गप्प होतं.

आपल्याकडे एक वेगळी पंचाईत होते. पोर कन्नड किंवा उर्दूतली शिवी उचलून आणतं, तिचं वजन त्याला माहीत नसतं आणि तुम्हालाही नसतं. मराठीतली जी शिवी ते कधी देणार नाही, तितकीच जड शिवी दुसऱ्या भाषेत ते सहज देऊन बसतं, तीही शाळेत, ज्याची ती भाषा आहे त्याच्याच तोंडावर. अशा वेळी अंदाज करू नका. गल्लीतल्या कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या शेजारणीला, नाहीतर दुकानातल्या काकांना एकट्याने गाठून अर्थ विचारा, आणि मगच पोराला सांगा.