अंगणवाडी सेविका भरती : ‘स्थानिक रहिवासी’ या अटीवरचा वाद कसा मांडावा

गुणांचा वाद गुणपत्रिका समोर ठेवली की मिटतो. रहिवासाचा तसा मिटत नाही, कारण एखादी बाई नेमकी कोणत्या गावची, या प्रश्नाला गावातच तीन-चार उत्तरे मिळतात आणि प्रत्येक उत्तराला एकेक कागद जोडता येतो. शिधापत्रिकेत नाव माहेरी असते, मतदार यादीत सासरी असते आणि आधारवर तालुक्याच्या ठिकाणच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता असतो. महाराष्ट्रात अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस या मानधनी पदासाठी अर्ज करणाऱ्या, निवड झाल्यावर हरकतीला तोंड देणाऱ्या आणि दुसरीच्या निवडीवर हरकत घेऊ पाहणाऱ्या अशा सर्वांनी या वादाची मांडणी कशी करावी, ते येथे सांगितले आहे.

आधी अट नीट वाचावी

महिला व बाल विकास विभागाच्या २ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयात या नेमणुकांच्या अटी एकत्र दिल्या आहेत. बारावी उत्तीर्ण असणे, वय १८ ते ३५ असणे (विधवा उमेदवारांसाठी ४० पर्यंत), दोनपेक्षा अधिक हयात अपत्ये नसणे या अटींबद्दल सहसा वाद होत नाही. वाद होतो तो ग्रामीण व आदिवासी प्रकल्पांत उमेदवार संबंधित महसुली गावाची रहिवासी असावी, या अटीवर. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी काढलेल्या जाहिरातीत ही अट कोणत्या शब्दांत लिहिली आहे, रहिवासाचा पुरावा म्हणून कोणते कागद मागितले आहेत आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती, या तीन गोष्टी अर्ज करण्यापूर्वीच एका कागदावर उतरवून ठेवाव्यात. पुढचा सगळा वाद या तिन्हींभोवती फिरतो. हरकत घेणाऱ्यांपैकी अनेकांनी जाहिरात वाचलेलीच नसते आणि शेजाऱ्याने सांगितलेल्या नियमावर ते भांडत असतात.

सर्वाधिक गोंधळ ‘महसुली गाव’ या शब्दाभोवती होतो. गट ग्रामपंचायतीत दोन, तीन किंवा त्याहून अधिक महसुली गावे असतात. सरपंच एक, ग्रामसभा एक, कार्यालय एक, म्हणून ‘आम्ही सगळे एकाच गावचे’ अशी लोकांची प्रामाणिक समजूत असते. जाहिरातीत पद ज्या महसुली गावासाठी आहे, त्या गावाच्या हद्दीत उमेदवार राहत नसेल, तर ती त्याच ग्रामपंचायतीची मतदार असली तरी त्या पदापुरती स्थानिक ठरत नाही. याउलट महसुली गावापासून दोन-तीन किलोमीटर दूर असलेली वाडी, वस्ती किंवा पाडा त्याच महसुली गावात मोडत असेल, तर तेथील उमेदवाराला ‘ती गावठाणात राहत नाही’ एवढ्या कारणावरून बाद करता येत नाही.

हद्दीचा प्रश्न तोंडी साक्षीने सोडवण्याच्या भानगडीत पडू नये. राहत्या घराखालच्या किंवा लगतच्या जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर गावाचे नाव असते, तलाठ्यांकडे (आता हे पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणून ओळखले जाते) गावनकाशा असतो आणि शंका उरलीच तर तहसील कार्यालयाकडे लेखी विचारणा करता येते. एखादी वाडी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ नुसार स्वतंत्र महसुली गाव म्हणून जाहीर झाली असेल, तर त्या अधिसूचनेची प्रत मिळवावी आणि तिची तारीख जाहिरातीच्या तारखेशी ताडून पाहावी. जुन्या कागदांवर मूळ गावाचेच नाव चालत राहते. त्यामुळे कागदावरचे नाव आणि आजची हद्द यांत फरक का आहे, हे अर्जातच दोन ओळींत लिहून टाकलेले बरे.

कोणता कागद काय सिद्ध करतो

वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र हे राज्याच्या अधिवासाबद्दल बोलते. अमुक महसुली गावात आज कोण राहते, याचे उत्तर त्यात नसते. तरीही ते रहिवासाचा निर्णायक पुरावा म्हणून पुढे केले जाते आणि समोरची व्यक्ती गप्प बसते. आधार कायद्याच्या कलम ९ नुसार आधार क्रमांक हा स्वतःहून नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा ठरत नाही. त्यावरचा पत्ता इतर कागदांना दुजोरा देण्यापुरताच कामाचा आहे, आणि अर्जाच्या तोंडावर बदललेला पत्ता तर तेवढ्याही कामाचा राहत नाही.

मतदार यादीला अधिक वजन आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार नाव नोंदवण्यासाठी त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे राहणारी’ व्यक्ती असावी लागते. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये दोन तत्त्वे दिली आहेत, आणि ती अंगणवाडीच्या वादाला थेट लागू नसली तरी युक्तिवादासाठी उपयोगी पडतात. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही, हे पहिले तत्त्व. तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही, हे दुसरे. मतदार यादीत एकाच व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी असणे कायद्याला मान्य नाही. म्हणून लग्नानंतर नाव हलवले नसेल, तर नमुना ८ भरून ते वेळेत हलवावे. (हा निवडणूक आयोगाचा नमुना ८. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांची आकारणी नोंदवही. त्यावरून घर कोणाच्या नावावर आहे ते कळते, त्यात राहते कोण ते कळत नाही.)

रहिवासी दाखला किंवा स्वयंघोषणापत्र जाहिरातीत मागितले असेल, तर ते जोडावेच लागते. पण वाद उभा राहिला की निव्वळ दाखल्यावर भिस्त ठेवता येत नाही, कारण विरुद्ध बाजूही दुसऱ्या गावाचा दाखला घेऊन येऊ शकते. माझ्या मते अशा वेळी सर्वांत बोलके पुरावे ते असतात, जे भरतीचा विचारही मनात नसताना तयार झालेले असतात. त्या अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षण नोंदवहीत त्या घराची नोंद आहे का? उमेदवाराची मुले त्याच अंगणवाडीत किंवा गावच्या जिल्हा परिषद शाळेत दाखल आहेत का? गरोदरपणातील तपासण्या आणि बाळाचे लसीकरण कोणत्या उपकेंद्रात झाले, हे माता-बाल संरक्षण कार्डावर दिसते. रोजगार हमीचे जॉबकार्ड, गॅसजोडणीचा पत्ता, बँकेच्या पासबुकावरची शाखा आणि पत्ता हेही वर्षानुवर्षे साचत आलेले कागद आहेत. असे तीन-चार कागद एकाच गावाकडे बोट दाखवत असतील, तर महिनाभरापूर्वी काढलेल्या दाखल्याला त्यांच्यापुढे फारसे बळ उरत नाही.

माहेर, सासर आणि अधल्यामधल्या परिस्थिती

लग्न होऊन गावात आलेल्या सुनेचे कागद माहेरचेच राहिले असतील, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पतीच्या व सासरच्या कुटुंबाच्या रहिवासाचे पुरावे आणि नावबदलाचे राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र एकत्र लावावे. कागदावर तीन वेगवेगळी नावे असतील, तर तिन्ही एकाच व्यक्तीची आहेत हे आधी दाखवावे लागते. हा दुवा राहून गेला की बाकीचे चांगले पुरावेही दुसऱ्या बाईचे म्हणून बाजूला सारले जातात.

लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदणारी मुलगी केवळ माहेरच्या जुन्या कागदांवर माहेरच्या गावात अर्ज करते, तेव्हा तिच्यावरची हरकत सहसा टिकते. मात्र विवाहित मुलगी माहेरी राहूच शकत नाही, असे गृहीत धरणेही चूक आहे. पतीच्या निधनानंतर, पतीने सोडल्यामुळे किंवा पती-पत्नी दोघेही तेथेच स्थायिक झाल्यामुळे ती प्रत्यक्षात माहेरच्या गावी राहत असेल, तर तिथला रहिवास हाच तिचा रहिवास. परित्यक्ता स्त्रीच्या बाबतीत न्यायालयीन कागद नसतील, तर ती केव्हापासून माहेरी राहते हे मुलांच्या शाळाबदलाच्या दाखल्यावरून, शिधापत्रिकेतील नाव कमी-जास्त केल्याच्या नोंदीवरून दाखवावे. अविवाहित मुलीबद्दल ‘उद्या लग्न होऊन ही गाव सोडून जाईल’ ही हरकत तर विचारात घेण्याजोगीही नाही. राजस्थानात विवाहित असण्याचीच अट होती आणि तिचे समर्थन याच तर्काने केले जात होते. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती अट मनमानी ठरवली. तो निर्णय महाराष्ट्रातील कार्यालयावर बंधनकारक नसला, तरी उत्तरात त्याचा उल्लेख जरूर करावा.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर हंगामापुरते जाणाऱ्या कुटुंबांवर ‘घराला कुलूप होते’ असा पंचनामा पुढे करून हरकत घेतली जाते. तात्पुरती गैरहजेरी आणि गाव सोडणे यांतला फरक अशा वेळी स्पष्ट लिहावा, आणि पंचनामा कोणत्या महिन्यात झाला याकडे लक्ष वेधावे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पती नोकरीनिमित्त शहरात, मुले शहरातल्या शाळेत, स्वतःचा मुक्कामही बारमाही तेथेच आणि गावात फक्त वाडवडिलांचे घर, अशी स्थिती असेल तर त्या घराची घरपट्टी कितीही नियमित भरलेली असो, अट पूर्ण होते असे म्हणणे कठीण आहे. रोज सकाळी मुले यायच्या आधी दार उघडणारी बाई गावातलीच असावी, हा या अटीचा हेतू आहे.

तारीख

पात्रता कोणत्या दिवशी तपासायची, यावर सर्वोच्च न्यायालयाने अशोक कुमार शर्मा विरुद्ध चंदर शेखर (१९९७) या प्रकरणात सांगितलेले तत्त्व असे, की जाहिरातीत अर्जासाठी दिलेल्या शेवटच्या तारखेला उमेदवार पात्र असली पाहिजे. त्या तारखेनंतर गावात राहायला येऊन उपयोग नाही. पण पात्रता आणि पात्रतेचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चार्ल्स स्कारिया विरुद्ध डॉ. सी. मॅथ्यू (१९८०) या निकालाने दाखवले. त्या तारखेला उमेदवार गावात राहत होती आणि तो रहिवास दाखवणारा एखादा पूरक कागद नंतर हाती आला, तर तो विचारात घ्यावा असा आग्रह धरता येतो. अर्थात, जाहिरातीने सक्तीचा ठरवलेला मूळ कागदच अर्जासोबत जोडला नसेल, तर हा मार्ग फार अरुंद होतो.

हरकत आणि तिचे उत्तर

प्रारूप गुणवत्ता यादी लागली की हरकतींसाठी दिलेली मुदत मोजकी असते. मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्क्यासह पोच घ्यावी. ‘सदर उमेदवार बाहेरगावची आहे, चौकशी व्हावी’ एवढेच लिहिलेला अर्ज कार्यालयात पडून राहतो. तपासता येईल अशी विधाने असलेला अर्ज साधारण असा असावा :

‘जाहिरातीतील अट क्रमांक अमुक नुसार उमेदवार अमुक महसुली गावाची रहिवासी असणे आवश्यक आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेस सदर उमेदवाराचे नाव तमुक गावाच्या मतदार यादीत (यादी भाग व अनुक्रमांक) होते आणि तिची मुले त्याच गावातील शाळेत शिकत होती. याबाबतचे उतारे सोबत जोडले आहेत. दोन्ही गावांच्या अंगणवाडी सर्वेक्षण नोंदवह्या मागवून, स्थळपाहणी करून व दोन्ही बाजूंना ऐकून घेऊन सकारण लेखी आदेश द्यावा आणि तोपर्यंत नियुक्ती आदेश देऊ नये, ही विनंती.’

समोरच्या उमेदवाराचे कागद पाहण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. मात्र उत्तराला ३० दिवस लागू शकतात, आणि माहिती त्रयस्थ व्यक्तीची असल्याने कलम ११ नुसार तिचे म्हणणे मागवले गेले तर आणखी वेळ जातो. म्हणून त्याची वाट पाहत हरकतीची मुदत घालवू नये.

ज्यांच्यावर हरकत आली आहे, त्यांनी प्रथम हरकतीची आणि तिच्यासोबतच्या कागदांची प्रत लेखी मागावी. न पाहिलेल्या कागदाला उत्तर देण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. नियुक्ती आदेश मिळून रुजू झाल्यावर तक्रार आली असेल, तर कारणे दाखवा नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी न देता काढलेला रद्दचा आदेश त्या एकाच कारणावर आव्हान देण्याजोगा असतो. उत्तरात प्रत्येक आरोपाला स्वतंत्र उत्तर द्यावे. दोन ठिकाणी नाव असणे यासारखी अडचणीची बाब लपवू नये, ती का झाली आणि केव्हा दुरुस्त केली हे सांगावे. गावकऱ्यांच्या सह्यांचे निवेदन जोडायला हरकत नाही, पण दुसऱ्या गटाच्या निवेदनावर त्याहून जास्त सह्या असू शकतात, आणि रहिवास बहुमताने ठरत नाही.

पुढची पायरी

प्रकल्प अधिकाऱ्यांचा आदेश मान्य नसेल, तर जिल्हा परिषदेच्या महिला व बाल कल्याण विभागाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी आणि त्यानंतर मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे लेखी दाद मागावी. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यात वेळ व पैसा घालवू नये. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच अंगणवाडी सेविका नागरी पद (शासकीय सेवेतील पद) धारण करीत नाहीत असे ठरवले, आणि त्यामुळे अशा न्यायाधिकरणाचे दार त्यांच्यासाठी बंद झाले. २०२२ मधील मणिबेन भारिया प्रकरणाने त्यांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याचा लाभ दिला, पण तो प्रश्न वेगळा होता. रहिवासाच्या वादात वरिष्ठांकडे न्याय मिळाला नाही, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.

तेथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. बाई कोणत्या गावात राहते, या वस्तुस्थितीच्या प्रश्नात उच्च न्यायालय सहसा स्वतः साक्षीपुरावे घेत बसत नाही. अधिकाऱ्याने महत्त्वाचा कागद विचारात घेतला का, ऐकून घेतले का, आदेशाला कारणे दिली का, एवढेच पाहिले जाते, आणि त्रुटी आढळली तर प्रकरण बहुधा फेरनिर्णयासाठी परत पाठवले जाते. त्यामुळे जे कागद प्रकल्प कार्यालयात दाखलच केले नाहीत, त्यांच्या जोरावर याचिका उभी राहणे अवघड असते. याचिकेत निवड झालेल्या उमेदवाराला प्रतिवादी करणे आवश्यक आहे, आणि ती रुजू होऊन वर्ष-दोन वर्षे उलटल्यावर केलेली याचिका केवळ विलंबामुळे फेटाळली जाऊ शकते. आदेशाची प्रत हाती पडताच पोच घेतलेली हरकत, जाहिरात, प्रारूप व अंतिम यादी हे कागद क्रमाने लावून तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.