जुन्या थिंकपॅडवर घरचं कर्नल

माझा थिंकपॅड दहा वर्षांचा आहे. दोन कोअर, 4 जीबी रॅम, वर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), आणि त्यावर मीच कंपाइल केलेलं, म्हणजे सोर्स कोडपासून तयार केलेलं, कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांना जोडणारा सिस्टिमचा गाभा). याने लॅपटॉप पळायला लागत नाही, हे आधीच सांगते. पण आपल्या मशीनच्या पोटात काय काय आहे, ते मात्र कळतं.

तयारी फार नाही. 'बिल्ड-इसेन्शियल', 'बायसन', 'फ्लेक्स', 'बीसी', 'डेबहेल्पर', 'लिबएसएसएल-डेव्ह', 'लिबएल्फ-डेव्ह' ही पॅकेजं टाका. कर्नल डॉट ऑर्गवरून सोर्स उतरवताना 'लाँगटर्म' (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारं) लिहिलेलंच घ्या. मग बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल सोर्सच्या फोल्डरमध्ये 'डॉट कॉन्फिग' नावाने कॉपी करून 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा, म्हणजे नव्या पर्यायांना ठरलेली उत्तरं आपोआप भरली जातात.

खरी गंमत पुढे, 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'मध्ये. ही कमांड त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूलं (कर्नलचे गरजेपुरते जोडले जाणारे तुकडे, बहुतेक ड्रायव्हर) ठेवते आणि बाकीची वगळते. हजारो ड्रायव्हर गळतात, कंपाइल पाऊण-एक तासात उरकतं. पहिल्या खेपेला मी खुशीत होते. गुरुवारी लाईट गेली, राउटर बंद पडला, नेहमीसारखा मोबाईल केबलने जोडला, तर नेटच नाही! टेदरिंगला (मोबाईलचं नेट लॅपटॉपला द्यायला) लागणारं 'आरएनडीआयएस होस्ट' हे मॉड्यूल कमांड दिली त्या दिवशी लोडच नव्हतं, म्हणून गळलेलं. तेव्हापासून ही कमांड द्यायच्या आधी मी प्रिंटर, पेनड्राइव्ह, हेडफोन, टेदरिंग चालू केलेला मोबाईल, सगळं एकदा जोडून घेते. तुम्हीही घ्या.

मग 'मेक मेनूकॉन्फिग' उघडून (त्याला 'लिबएनकर्सेस-डेव्ह' लागतं) दोन कामं करा. डीबग इन्फो (कर्नलमधल्या चुका शोधायला लागणारी माहिती) बंद करा, नाहीतर कित्येक जीबी जागा फुकट जाते. आणि 'लोकल व्हर्जन'मध्ये स्वतःची खूण टाका, म्हणजे 'यूनेम -आर' दिल्यावर कुठलं कर्नल चालू आहे ते ओळखू येतं. सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड अडलं, तर 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' ही ओळ रिकामी करा.

आता 'मेक -जे 2 बिनडेब-पीकेजी'. '-जे 2' म्हणजे एका वेळी दोन कामं; दोनच्या वर गेले की माझी रॅम धापा टाकते. मध्येच लाईट गेली (माझी बॅटरी दहा मिनिटांची पाहुणी) तर तीच कमांड पुन्हा द्या, झालेलं काम वाया जात नाही. एखादी ऑब्जेक्ट फाइल अर्धवट लिहिली गेली असेल, तर एरर तिचं नाव घेऊनच येते. तेवढी उडवा.

बाहेरच्या फोल्डरमध्ये 'लिनक्स-इमेज'ची डेब फाइल तयार मिळेल. ती 'सुडो डीपीकेजी -आय'ने बसवा, ग्रब (लॅपटॉप सुरू होताना कर्नल निवडून देणारा प्रोग्रॅम) स्वतःच अपडेट होतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं हे कर्नल उठणार नाही, सिक्युअर बूट बायोसमधून बंद करावं लागतं. जुनं कर्नल मात्र काढू नका. त्या गुरुवारी मी रीस्टार्ट करून ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून तेच निवडलं, आणि दोन मिनिटांत मोबाईलवरून नेट चालू.