आभासी जगातील वाहनाला कोल्हापुरी रंग कसा द्यावा

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागते, आणि त्यांच्या फाळक्यांवर पेंटरने हाताने काढलेली ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’ ही अक्षरे किती तऱ्हांनी रंगवता येतात हे पाहत राहावेसे वाटते. लिंडेन लॅबने २००३ साली सुरू केलेल्या सेकंड लाइफ या आभासी जगातही असे रंगवलेले वाहन चालवता येते. त्यासाठी वाहनाचा त्रिमितीय सांगाडा स्वतः घडवण्याची गरज नाही. तयार वाहनावर चढवलेले चित्र, म्हणजेच टेक्स्चर, बदलणे पुरेसे असते.

वाहन विकत घेण्यापूर्वी त्यात बदल करण्याची परवानगी, म्हणजे ‘मॉडिफाय’, दिलेली आहे की नाही हे तपासावे, कारण ती नसेल तर पुढचे काहीच करता येणार नाही. त्याचबरोबर निर्मात्याने यूव्ही नकाशा दिला आहे का, हेही पाहावे. पुठ्ठ्याचे खोके उकलून जमिनीवर सपाट पसरावे, तसा वाहनाचा सगळा पृष्ठभाग या नकाशात पसरलेला असतो.

नकाशा हाती आला तरी लगेच रंगवायला बसू नये. आधी गिम्प या चित्रे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये १०२४ बाय १०२४ पिक्सेलचे कोरे चित्र घेऊन त्यावर आडवे ८ आणि उभे ८ असे १२८ पिक्सेलचे चौकोन आखावेत, प्रत्येकात ‘क१’, ‘ख५’ अशी वेगळी खूण लिहावी आणि हे चित्र वाहनावर लावून त्याच्याभोवती एक फेरी मारावी. चौकोन जिथे लांबट दिसतील तिथे तुमची अक्षरेही ताणली जातील, त्यामुळे ती मुळातच त्या प्रमाणात दाबून लिहावी लागतील. एकच खूण दोन्ही बाजूंना दिसत असेल आणि एका बाजूला ती उलटी असेल, तर निर्मात्याने दोन्ही बाजूंसाठी चित्राचा एकच तुकडा वापरला आहे असे समजावे. मी पहिल्या ट्रॉलीच्या वेळी ही चाचणी केली नव्हती. दोन संध्याकाळी खर्चून काढलेले ‘आई अंबाबाई प्रसन्न’ डाव्या बाजूला सुरेख आले आणि उजव्या बाजूला आरशात पाहिल्यासारखे उलटे.

अशा वाहनावर चित्रात फक्त वेलबुट्टी आणि पट्टे ठेवावेत. अक्षरांसाठी एक पातळ चौकोनी फळी वेगळी तयार करून ती वाहनाला जोडावी. जोडताना आधी फळी आणि सर्वांत शेवटी वाहन निवडावे, कारण शेवटी निवडलेला भाग मुख्य ठरतो आणि वाहन चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांचा छोटा प्रोग्राम, बहुधा मुख्य भागातच असते. फळीचा भौतिक आकार, म्हणजे धडकेच्या हिशोबात धरला जाणारा आकार, ‘नन’ (काहीच नाही) असा ठेवावा, म्हणजे चालवताना तिचा अडथळा होत नाही.

आता प्रत्यक्ष रंगकाम. नमुन्यासाठी खऱ्या ट्रॉलीचे छायाचित्र घ्यायचे असल्यास ते सावलीत, अगदी समोरून आणि फ्लॅश न वापरता घ्यावे. मालकाची परवानगी मागावी आणि गाडीचा खरा क्रमांक चित्रात येऊ देऊ नये. एमएच ०९ एवढीच अक्षरे ठेवली तरी गाडी कोल्हापूरची आहे हे कळते. पेंटरची नक्षी जशीच्या तशी उचलण्यापेक्षा तिच्यावरून स्वतःच्या हाताने काढावी, असे मला मनापासून वाटते, कारण ती त्याची कला आहे.

प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरावर, ठेवावी: तळाशी मूळ रंग, त्यावर नक्षी, मग अक्षरे, आणि त्यांच्यावर धूळ. चैत्र यात्रेहून परतलेली गाडी दाखवायची असेल तर बॉनेटवर आणि टपावर गुलालाचा फिकट गुलाबी लेयर द्यावा. तो कोपऱ्यांत दाट आणि मधल्या सपाट भागात विरळ ठेवला की खरा वाटतो. निर्मात्याने सावल्यांचा लेयर दिला असेल तर तो सगळ्यांच्या वर ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने, म्हणजे खालचे रंग फक्त गडद होतील असा, ठेवावा. त्याने पत्र्याच्या घड्या आणि सांधे उठून दिसतात, आणि तो नसेल तर उत्तम नक्षीही कागद चिकटवल्यासारखी दिसते. नकाशातील तुकड्यांच्या कडेबाहेरही रंग सुमारे ८ पिक्सेल पसरू द्यावा, नाहीतर लांबून पाहताना सांध्यांवर पांढऱ्या रेषा उमटतात.

मूळ फाइल लेयरसकट जपून ठेवावी आणि वापरासाठी तिची पीएनजी प्रत काढावी. वाहनाला कुठेही पारदर्शकता नको असेल तर प्रत काढण्यापूर्वी सगळे लेयर सपाट करून अल्फा चॅनल, म्हणजे चित्रातील पारदर्शकतेची माहिती, काढून टाकावा. तो चुकून राहिला तर वाहनाचे मागचे भाग पुढच्या भागांतून दिसल्यासारखा विचित्र दोष येतो. लांबी आणि रुंदी ५१२ किंवा १०२४ अशी दोनच्या घातात असावी. १०२४ पिक्सेलचे अपारदर्शक चित्र ग्राफिक्स मेमरीत सुमारे ३ एमबी जागा घेते आणि ५१२ चे त्याचा चौथा हिस्सा, म्हणून चाके आणि आसने यांसाठी लहान चित्रच वापरावे.

चित्र अपलोड करण्याची घाई करू नये. वाहनावर उजवे क्लिक करून ‘एडिट’ उघडावे, ‘सिलेक्ट फेस’ने हवा तो भाग निवडावा आणि टेक्स्चरच्या खिडकीत ‘लोकल’ हा पर्याय वापरून संगणकावरील फाइल थेट लावावी. हे चित्र फक्त तुम्हालाच दिसते आणि त्याला पैसे लागत नाहीत. शिवाय गिम्पमधून त्याच नावाने पुन्हा प्रत काढली की वाहनावरचा रंग थोड्याच वेळात आपोआप बदलतो. दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या अशा दोन्ही प्रकाशात वाहन पाहावे, कारण भर उन्हात शोभणारा भगवा रात्री तपकिरी दिसू शकतो. मन भरले की मगच अपलोड करावे. १०२४ पिक्सेलपर्यंतच्या प्रत्येक चित्राला साधारणपणे १० लिंडेन डॉलर (या आभासी जगातले चलन) पडतात. त्यानंतर ‘लोकल’ चित्राच्या जागी अपलोड केलेले चित्र प्रत्येक भागावर आठवणीने लावावे, नाहीतर इतरांना तुमची ट्रॉली रंगलेली दिसणारच नाही.